मारोमीची माया आणि सोनेरी बॅट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. जपानी दिग्दर्शक सातोशी कोनच्या ‘पॅरानोइया एजंट’ या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेवर मराठीत कुणी एवढ्या पोटतिडकीनं भांडतंय, याचा मला खरोखर आनंद झाला. उत्तर लांबणार आहे, आणि त्यात तेराव्या म्हणजे शेवटच्या भागापर्यंतचं सगळं उघड होणार आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी आधी ती पाहावी.

मी लेखात म्हटलं होतं की मालिकेची नायिका, कॅरेक्टर डिझायनर त्सुकिको सागी, हिच्याशी बोलणारं, तिनंच घडवलेलं आणि बाजारात गाजलेलं गुलाबी कुत्रं, मारोमी, हा तिचा काल्पनिक मित्र असला तरी त्याची घडण पॅरानोइयाची आहे. तुम्हाला हे साफ नामंजूर आहे. पॅरानोइया म्हणजे संशय, कुणीतरी आपल्या वाईटावर टपलंय ही भीती. मारोमी तर तिला धीर देतो, मग त्यात पॅरानोइया आला कुठून, असं तुम्ही विचारलंत. एकट्या पडलेल्या बाईच्या सोबत्यावर रोगाचा शिक्का मारणं तुम्हाला अन्यायाचं वाटलं. लहानपणी गेलेल्या पिल्लाचं न सरलेलं दुःख एवढं स्पष्टीकरण पुरेसं आहे, असं तुमचं मत.

रोगाच्या शिक्क्याचं आधी बोलते, कारण तो मलाही नको आहे. काल्पनिक मित्र असणं हे आजाराचं लक्षण नाही. कितीतरी लहान मुलांना असे सवंगडी असतात, आणि हा खेळ आहे हे बहुतेक मुलांना पक्कं ठाऊक असतं. त्सुकिकोचं निदान करण्याचा माझा हेतू नव्हता. ती पेशंट नाही, पात्र आहे. मी पाहत होते ते हे की हा मित्र तिच्यासाठी नेमकं काय काम करतो. तो तिच्याशी खेळत नाही, तिचं ऐकून घेत नाही, तिला कधी विरोधही करत नाही. टोकियोतल्या ऑफिसात पुढचं हिट कॅरेक्टर काढून द्यायचा तगादा लागलेला असताना तो एकच गोष्ट आळवत राहतो : दमलीस, आराम कर, तुझी काही चूक नाही.

हे तिसरं वाक्य माझ्या लेखाचा कणा होतं. ‘तुझी चूक नाही’ हे वाक्य एकटं उभं राहू शकत नाही. काहीतरी वाईट घडलेलं असतं म्हणून तर ते म्हणावं लागतं, आणि चूक तुझी नसेल तर मग कुणाची, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. लहानग्या त्सुकिकोच्या हातून पिल्लाचा पट्टा सुटला. पोटात कळ आली, क्षणभर लक्ष गेलं, आणि पिल्लू गाडीखाली आलं. पिल्लाचंही नाव मारोमीच. वडील कडक, त्यांच्यापुढे खरं सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तिनं एक मुलगा उभा केला, हातात बॅट घेऊन हल्ला करणारा. मोठेपणी कामाच्या ओझ्याखाली ती पुन्हा कोंडीत सापडते आणि तोच मुलगा सोनेरी स्केट्स घालून, वाकडी सोनेरी बॅट घेऊन परत येतो आणि शहरातल्या एकेकावर हल्ले करत सुटतो. लोक त्याला शोनेन बॅट, म्हणजे ‘बॅटवाला पोरगा’, म्हणू लागतात. मारोमी आणि शोनेन बॅट हे दोघे एकाच खोट्यातून जन्मलेले आहेत. धीर देणारा मित्र हवा असेल तर घाव घालणारा शत्रू लागतोच.

आता पॅरानोइयाच्या व्याख्येबद्दल. संशय आणि भीती हे त्याचं बाहेरून दिसणारं रूप झालं. फ्रॉइडनं १९११ मध्ये डॅनिएल पॉल श्रेबर या जर्मन न्यायाधीशाच्या आठवणींवर जो निबंध लिहिला, त्यात त्याची आतली यंत्रणा मांडली आहे : जे स्वतःच्या मनात सोसवत नाही ते दाबलं जातं आणि बाहेरून, दुसऱ्या कुणाचं तरी कृत्य म्हणून परत येतं. भ्रम म्हणजे मन सावरण्याचाच एक प्रयत्न असतो, असंही तो तिथे म्हणतो. फ्रॉइड श्रेबरला कधी भेटलाही नव्हता, त्यानं फक्त पुस्तक वाचलं होतं. त्यामुळे त्याचे बाकीचे निष्कर्ष मी डोळे झाकून घेत नाही. पण हा एक मुद्दा त्सुकिकोला चपखल बसतो.

फ्रॉइड जुना झाला म्हणाल, तर अलीकडचं घ्या. पीटर ट्रॉवर आणि पॉल चॅडविक या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये पॅरानोइयाचे दोन प्रकार मांडले. एकात माणसाला वाटतं की मी निर्दोष आहे आणि लोक उगाच माझा छळ करतात. दुसऱ्यात वाटतं की मी वाईट आहे आणि मला मिळतेय ती शिक्षा माझ्या लायकीचीच आहे. पुढच्या अभ्यासांत या विभागणीला सरळसोट दुजोरा मिळाला असं नाही. माणसं या दोन टोकांमध्ये हेलकावतात असंही दिसलं. मला तर ते हेलकावणंच महत्त्वाचं वाटतं. मारोमी हा पहिल्या प्रकाराचा आवाज आहे : बिच्चारी तू. बॅट हा दुसऱ्याचा. म्हणून तर या मालिकेत मार खाल्लेल्या माणसांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा सुटकेचा भाव जास्त दिसतो. शिक्षा भोगून झाली, आता कुणी काही विचारणार नाही.

तुम्हाला हवा असलेला उघडा, सरळ संशय दुसऱ्या भागात आहे. शाळेत सगळ्यांचा लाडका असलेला युइची दिसायला शोनेन बॅटसारखा निघतो, आणि बघता बघता त्याला खात्री पटते की वर्गातला जाडा उशियामाच आपल्याविरुद्ध अफवा पसरवतोय. उशियामा बिचारा त्याच्याशी भलेपणानं वागतो, तर तोही डाव वाटतो. हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण झालं. कोन तिथेच थांबला असता तर मालिका एका शहाण्या गुन्हेकथेएवढीच राहिली असती.

त्याऐवजी दहावा भाग बघा. मारोमीवर टीव्हीसाठी कार्टून बनतंय, वेळापत्रक कोलमडलंय, स्टुडिओतली माणसं एकामागून एक मरताहेत. तयार टेप चॅनेलपर्यंत पोचवायला गाडी हाकतोय सारुता नावाचा प्रॉडक्शनमधला पोरगा. कामात चुका करायच्या, बोलणी खायची आणि मनातल्या मनात घोकायचं की यात माझा काय दोष, तेच लोक माझ्या वाईटावर आहेत. सहकाऱ्याच्या साध्या कानउघाडणीचंसुद्धा त्याच्या डोक्यात वैर होतं. आणि तो पोचवतोय काय, तर ‘आराम कर’ सांगणाऱ्या गुलाबी कुत्र्याची गोष्ट! कोननं इथे काही सुटं ठेवलेलं नाही. मारोमीचा दिलासा आणि सारुताचा संशय एकाच गाडीत बसलेत. तुम्ही म्हणता की मी दोन वेगळ्या गोष्टींची सांगड घातली. ती सांगड दिग्दर्शकानंच घातलेली आहे. शेवटची श्रेयनामावली आठवा : मालिकेतली सगळी पात्रं गवतावर गाढ झोपलेली, आणि मधोमध अवाढव्य मारोमी.

अकराव्या भागातली मिसाए, म्हणजे या हल्ल्यांचा तपास करणाऱ्या डिटेक्टिव्ह इकारीची आजारी बायको, हे तोंडावर बोलून दाखवते. शोनेन बॅट तिच्या घरात उभा असतो आणि ती त्याला घाबरत नाही. आयुष्यात मरणाचा विचार कितीदा येऊन गेला हे ती सांगते, नवऱ्याबरोबर ते सगळं कसं निभावलं हे सांगते, आणि तुझी सुटका खोटी आहे म्हणून त्याला हुसकावते. हल्लेखोराला ‘तू खोटा दिलासा आहेस’ असं सुनावणारी बाई मी दुसऱ्या कुठल्या ॲनिमेत पाहिलेली नाही. अख्ख्या मालिकेत मला सर्वांत प्रिय असलेलं पात्र तेच.

दुःखाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं, कारण ते मनापासून लिहिलेलं होतं. पण माझ्या मते त्सुकिकोनं पिल्लासाठी दुःख केलेलंच नाही. तिला ते करता आलं नाही. दुःख करायचं तर आधी पट्टा आपल्या हातून सुटला हे मान्य करावं लागतं, आणि मारोमी नेमकं तेच होऊ देत नाही. मेलेल्या पिल्लाच्या जागी त्यानं न मरणारं, बोलणारं, तिनं माफी न मागताच सगळं माफ करणारं पिल्लू आणून बसवलं. तेराव्या भागात ती त्या रस्त्यावर परत जाते, पिल्लाला कुशीत घेते आणि त्याची क्षमा मागते, तेव्हा कुठे ते दुःख सुरू होतं. शोनेन बॅटचं शेवटी जे शहर गिळत सुटलेलं काळं प्रचंड काहीतरी झालेलं असतं, ते तिथेच विरतं. काल्पनिक मित्र आणि काल्पनिक शत्रू दोघे एकदमच जातात. ही केवळ शोकाची गोष्ट असती तर मित्र गेल्यावर शत्रूनं जायचं काही कारण नव्हतं.

मारोमी ही जपानच्या ‘कवाई’ म्हणजे गोंडस वस्तूंच्या बाजारावरची टीका आहे हा तुमचा मुद्दा मान्यच आहे. सॅन-एक्स कंपनीचं लोळत पडणारं अस्वल, रिलाक्कुमा, २००३ साली आलं आणि ही मालिका २००४ ची. लोकांना दमलेल्यांसाठीचं खेळणं हवं होतं हे कोनला दिसत होतंच. त्यानं माझं वाचन बाद होत नाही, उलट विस्तारतं. एका मुलीनं बापाच्या धाकानं रचलेली सबब लाखो माणसांच्या बॅगेला लटकू लागते, आणि जितकी ती खपते तितका बॅटवाला पोरगा मोठा होत जातो. पहिल्या भागात तो शाळकरी मुलाएवढा आहे. अकराव्यात तो घरात मावत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की त्सुकिको बरी होते, मग या मालिकेला मी निराश करणारी का म्हटलं. त्सुकिकोपुरता शेवट आशादायक आहे, यात वाद नाही. मी शहराबद्दल लिहीत होते. दोन वर्षांनंतरच्या टोकियोत लोक पहिल्या भागातल्यासारखेच फोनवर सबबी सांगत चाललेत, मारोमीच्या जागी एका मांजराचं नवं कॅरेक्टर आलंय, आणि इकारीचा तपासातला जोडीदार मानिवा, आता पांढऱ्या केसांचा, जमिनीवर गणित मांडत बसलाय. पहिल्या आणि शेवटच्या भागाची सुरुवातीची गर्दीतली दृश्यं लागोपाठ लावून बघा, आणि तरीही मी चुकतेय असं वाटलं तर जरूर लिहा.