आठच्या उपासनेला साडेआठला पोहोचावे कसे?

रविवारी सकाळी आठच्या उपासनेला आठ वाजता हजर राहणे हे काही फार कठीण काम नाही. आमच्या मंडळीतली सत्तरी ओलांडलेली एक आजी शेतातल्या घरून तीन किलोमीटर पायी येऊन ते दर आठवड्याला करते. कठीण आहे ते चर्चच्या फाटकासमोर राहून साडेआठला पोहोचणे. त्याला सराव लागतो, घरच्या सर्वांचे सहकार्य लागते आणि थोडी प्रतिभाही लागते. अचलपूर तालुक्यातल्या एका लहानशा मंडळीत मी ही साधना पुष्कळ वर्षे केलेली असल्यामुळे आपल्यासारख्या होतकरूंना दोन शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

पहिली तयारी कारणाची करावी, कारण ऐन वेळी सुचलेले कारण पाळकसाहेबांच्या नजरेसमोर टिकत नाही. हिवाळ्यात मात्र ही चिंता नसते. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत येते आणि हरभऱ्यात रानडुकरे शिरतात, त्यामुळे ‘रात्रभर ओलितावर होतो’ किंवा ‘जागलीला गेलो होतो’ एवढे म्हटले की कोणीही पुढे विचारत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्याने हे कारण महिन्यातून एकदाच वापरावे, एवढेच पथ्य. खरोखर रात्रभर ओलित केलेली माणसे पायांचा चिखल धुऊन पावणेआठलाच येऊन बसतात आणि उपदेश सुरू झाला की डुलकी घेतात, ही गोष्ट आपण मनावर घेऊ नये. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता, असे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. आमच्या चर्चला मजलाच एक असल्यामुळे आमच्याकडची झोप निर्धोक आहे.

म्हशीचे कारणही चालते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली, परंतु तो निर्णय आमच्या म्हशींपर्यंत अद्याप पोहोचलेला नाही.

ज्यांना अशी घरगुती कारणे कमीपणाची वाटतात, त्यांच्यासाठी मी एक शास्त्रीय कारण शोधून ठेवले आहे. १९०६ पासून चालत आलेली आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे थेट मिर्झापूरकडची आहे. अचलपूर सुमारे साडेसत्त्याहत्तर अंशांवर येते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी वीस मिनिटे मागे आहे. सूर्य देवाने निर्माण केला आणि प्रमाणवेळ सरकारने ठरवली, तेव्हा आठ वाजून वीस मिनिटांनी येणारा मनुष्य देवाच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर असतो आणि आठला येणारे लोक सरकारी दडपणाखाली येतात, हे ओघानेच सिद्ध होते. मी हा सिद्धांत मंडळीच्या कमिटीपुढे मांडला तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी, हाच सूर्य संत्र्याच्या गाडीच्या वेळी कुठे असतो, असा अवांतर प्रश्न केला. व्यापाऱ्याचा ट्रक पहाटे चारला बागेच्या धुऱ्यावर उभा राहतो आणि त्या वेळी मी कंदील घेऊन तिथे हजर असतो, हे खरे आहे. पण चार वाजता सूर्यच नसल्यामुळे रेखांशाचा संबंध येत नाही.

उरलेली दहा मिनिटे पूर्वी आमच्या शकुंतला रेल्वेच्या नावावर टाकता येत असत. अचलपूर ते मूर्तिजापूर हे ७६ किलोमीटर अंतर ती अरुंद रुळांवरून सुमारे चार तासांत कापत असे, आणि ज्या भागातली रेल्वेच अशी, तिथल्या माणसांनी घाई करणे तिचा अपमान करण्यासारखे होते. आता ती गाडी बंद पडून काही वर्षे झाली. तिच्या जाण्याने प्रवाशांची किती गैरसोय झाली हे सर्वांनी लिहिले. उशिरा येणाऱ्यांची झाली, ती कोणी लिहिली नाही.

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे वळू. पहिले गीत सुरू असताना आत शिरणे नवशिक्याचे लक्षण आहे, कारण त्यानंतर लगेच पापकबुली येते आणि तीत सापडण्याची भीती असते. शास्त्रपाठाच्या वेळी शिरू नये. सगळे शांत असतात आणि आमच्या दाराची बिजागरी करकरते. पापकबुली आटोपून दुसऱ्या गीतासाठी मंडळी उभी राहते, तो क्षण साधावा, म्हणजे आपण आत्ताच आलो की आधीपासूनच उभे आहोत, हे शेजाऱ्याखेरीज कोणाला कळत नाही. एक अडचण मात्र मला अजून सोडवता आलेली नाही. वेळेवर येणारे लोक नम्रतेमुळे मागची सगळी बाके अडवून बसतात, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला पाळकसाहेबांच्या अगदी पुढ्यात, पहिल्या बाकावर, कुटुंबासह विराजमान व्हावे लागते. शेवटचे ते पहिले होतील, हे वचन आमच्याकडे दर रविवारी अशा रीतीने पूर्ण होते. त्याच अध्यायात, अकराव्या तासाला मळ्यात आलेल्या मजुरालाही पूर्ण रोजी मिळते. पाळकसाहेबांनी टोकले तर हा दाखला द्यावा. ते दाखल्यातल्या, लग्नाला उशिरा पोहोचलेल्या पाच मूर्ख कुमारींसमोर बंद झालेल्या दाराकडे वळू लागले, की लगेच त्यांच्या प्रकृतीची चौकशी करावी.

एप्रिलमध्ये ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेले की आमची उपासना सातला होते. तेव्हा मी साडेसातला पोहोचतो. एका वर्षी कमिटीने माझ्यासारख्यांवर दया येऊन नऊची वेळ करून पाहिली, तेव्हा मी साडेनऊला पोहोचत असे. निष्ठा म्हणतात ती हीच.

गेल्या महिन्यात मात्र माझ्याकडून एक चूक घडली. घरच्या मंडळींनी मला न सांगता भिंतीवरचे घड्याळ अर्धा तास पुढे केले होते, आणि मी सवयीप्रमाणे घाईघाईने निघून आठला पाच कमी असताना चर्चमध्ये पाऊल टाकले. शेवटच्या बाकावर एकट्या आजी बसल्या होत्या. मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला, त्यांनी गडबडीने पदर सावरला, गीतांचे पुस्तक उघडले आणि घंटेच्या दोराशी उभ्या असलेल्या पोराला कापऱ्या आवाजात विचारले, “कावून रे बाप्पा, पापकबुली होऊन गेली काय? हा त आला!”