वारबर्ग यांच्या नावावर सोडा पाजणं थांबवा

माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात केमोची तारीख चुकवली. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज: ‘जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबर्ग यांना कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल दोन नोबेल मिळाले. अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगत नाही. रोज लिंबू आणि खाण्याचा सोडा घ्या. औषध कंपन्यांनी हे दाबून ठेवलं.’

नोबेल एकच, १९३१ चं, आणि ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी. नोबेलच्या अधिकृत संकेतस्थळावर हे एका ओळीत लिहिलंय. मेसेज पुढे पाठवण्याआधी तेवढं तरी बघायचं!

आता खाण्याच्या सोड्याचं बघू. अल्कलाइन म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं. मावशी मला आम्लता मोजणारी, लघवीत बुडवलेली पट्टी दाखवत होती, रंग बदलला म्हणून खूश होती. अहो, ती पट्टी लघवीचं सांगते, गाठीचं नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन हे सांगणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ यातच राहतो, फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं तो हलू देत नाहीत. सोडा पोटातल्या आम्लात फसफसतो, ढेकर येते, जास्तीचा लघवीवाटे जातो. शरीरात राहतं ते सोडियम, एका चमच्यात हजार मिलिग्रॅमहून जास्त. मावशीला बीपी आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तिला विचारलं होतं का?

यात खरं आहे ते एवढंच, आणि ते मान्य करायला हवं: ऑक्सिजन असूनही कॅन्सरच्या पेशी भरपूर ग्लुकोज ओढून त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, हे वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. म्हणजे गाठीमुळे आजूबाजूला आम्ल होतं. मेसेजने ते उलटं करून सांगितलं. हा बिघाडच कॅन्सरचं मूळ कारण, असं वारबर्ग १९६६ मध्ये जर्मनीतल्या लिंडाऊ इथल्या नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यातल्या भाषणातही म्हणाले. पण पुढच्या संशोधनात कॅन्सरचं मूळ सापडलं ते जनुकांतल्या बदलांत. मावशीच्या पेट स्कॅनला उपाशी ठेवून, शुगर तपासून जे इंजेक्शन दिलं, ती किरणोत्सारी खूण लावलेली साखरच होती. गाठ ती जास्त ओढते म्हणून स्कॅनवर चमकते. वारबर्ग यांचा शोध रुग्णाच्या कामी येतो तो असा.

दाबून ठेवलं म्हणे! बर्लिनच्या डालेममधली त्यांची संस्था रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभी राहिली, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ते तिचे संचालक होते.

मावशीने काल डॉक्टरांना फोन करून सोड्याचं सगळं सांगितलं. केमोची नवी तारीख सोमवारची मिळाली आहे. मी सोबत जाणार आहे.