वेडरमध्ये पाणी शिरले की माणूस तळाशी ओढला जातो का? : एक खुलासा

फ्लाय फिशिंगसाठी (गळाला माशीसारखे कृत्रिम आमिष लावून केलेल्या मासेमारीसाठी) नदीत उतरताना घालायच्या वेडरमध्ये, म्हणजे छातीपर्यंत येणाऱ्या जलरोधक विजारीत, पाणी भरले की त्याच्या वजनाने माणूस तळाशी ओढला जातो, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची घनता सारखीच असल्याने, शरीर पाण्यात असेपर्यंत आतले पाणी खाली ओढत नाही. त्याचे वजन जाणवते ते काठावर चढताना, आणि तेव्हा दमलेल्या माणसाला उभे राहणेही कठीण होते.

याचा अर्थ धोका नाही, असा मुळीच नाही. पाण्याने फुगलेल्या वेडरवर प्रवाहाचा जोर अधिक बसतो, पोहणे अवघड होते आणि थंड पाण्यात हातापायांतील बळ काही मिनिटांतच ओसरू लागते. म्हणूनच कमरेचा पट्टा घट्ट आवळावा, कारण त्यामुळे पाणी आत शिरण्याचा वेग कमी होतो. तो अनावश्यक समजून घरी ठेवणाऱ्यांना हे कळकळीने सांगावेसे वाटते.

मुळात पाय घसरतो तो बहुधा बुटांमुळे. शेवाळलेल्या दगडांवर साधा रबरी तळ टिकत नाही. फेल्टचा, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचा, तळ चांगली पकड देतो, परंतु तो उशिरा वाळतो आणि सूक्ष्म जीव एका नदीतून दुसरीत नेऊ शकतो. न्यूझीलंडने २००८ मध्ये त्यावर बंदी घातली ती याच कारणाने. अशा ठिकाणी धातूचे खिळे बसवलेला रबरी तळ निवडावा. तोल गेलाच, तर वेगवान प्रवाहात उभे राहण्याची धडपड न करता, पाठीवर राहून पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि हळूहळू काठाकडे सरकावे.