शिवसागरात स्पीडबोटी आल्या, रात्रीच्या लाँचचं काय?

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात आणि ते खरंच आहे, त्यात वादच नाही. १०० टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी मावतं, सगळे टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून १९६० मेगावॅट वीज, आणि ती पण अशी की संध्याकाळी अख्ख्या राज्याची मागणी एकदम वाढली की काही मिनिटांत मशीन चालू करता येतात, कोळशाच्या स्टेशनला ते जमत नाही. वीज झाली की ते पाणी पश्चिमेला वाशिष्ठी नदीला जातं, आणि पूर्वेला सोडलेलं कराडला कृष्णेला मिळून पुढं ताकारी, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पंपांपर्यंत पोचतं. कोकणालाही दिलं, दुष्काळी भागालाही दिलं.

मला बोलायचंय ते हे पाणी ज्यांच्या भातखाचरांवर उभंय त्यांच्याबद्दल. राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला, आणि कोयनेचं पाणी त्याच्या कितीतरी आधी चढलं होतं. कोण सोलापूरकडं गेलं, कोण रायगड-ठाण्याला, बरेच जण तिथंच डोंगरात वर सरकून राह्यले. १९६७ च्या डिसेंबरात भूकंपानं घरं पाडली, ती पुन्हा उभी केली. मग १९८५ ला अभयारण्य, नंतर व्याघ्र प्रकल्प, म्हणजे साधा रस्ता करायचा तरी परवानगीची फाईल फिरत बसते. मूळ खातेदार गेले, आता नातवंडं पर्यायी जमिनीसाठी चकरा मारतायत.

जलाशयाच्या पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या कुणालाही विचारा मे महिना काय असतो. पाणी खाली गेलं की धक्का कोरडा पडतो, लाँच लांब थांबते, मधे गाळ, वरनं तापून भेगा पडलेला आणि पाय टाकला की आत पिचपिचीत, आणि त्यातनं पेशंटला झोळीत घालून चौघांनी न्यायचं. गाडी पलीकडं न्यायची तर तराफा, आणि तो कुठं लागणार ते पाणी ठरवणार. गावातली निम्मी पोरं त्यामुळंच मुंबईला.

आता जलाशयाच्या काठावर मुनावळ्याला वॉटर स्पोर्ट्स आलेत, नवीन महाबळेश्वर या गिरिस्थानाचा प्लॅन आलाय. मी टुरिझमच्या विरोधात अजिबात नाही, उलट बामणोली-तापोळ्याच्या बोट क्लबांनी दाखवून दिलंय की स्थानिक माणूस हा धंदा नीट करू शकतो, वासोटा किल्ल्याला जाणारे बहुतेक ट्रेकर त्यांच्याच बोटीत बसलेत. म्हणूनच बाहेरच्या मोठ्या पैशानं हा काठ विकत घ्यावा हे मला मान्य नाही. बोटीचे परवाने, स्टॉलच्या जागा, होम स्टेची मदत पहिली धरणग्रस्तांच्या नावावर करा. आणि स्पीडबोटींना डिझेल मिळतंय तर पलीकडच्या गावांना बारा महिने, रात्री-अपरात्री हमखास येईल अशी लाँच आणि पाणी उतरलं की त्याच्याबरोबर खाली सरकणारा तरंगता धक्का सुद्धा मिळालाच पाहिजे, आणि तो पुढच्या उन्हाळ्याच्या आत.