ईएसलिंटवरून बायोमवर ‘पाच मिनिटांत’? जरा थांबा

ईएसलिंट आणि बायोम ही दोन्ही लिंटर, म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारी साधनं; त्यातल्या प्रत्येक तपासणीला रूल म्हणतात. गेलं वर्षभर त्यांच्याबद्दल एक मजकूर फिरतोय. मूळ कुणाचा ते आता कळायला मार्ग नाही. आमच्या टीमच्या ग्रुपवरच तो तीनदा आला, दर वेळी थोडा वेगळं रूप घेऊन. सार असं: ईएसलिंट संपलं. बायोम पस्तीसपट वेगवान आहे. एक कमांड मारा, सगळे रूल जसेच्या तसे येतात. प्लगइनचं (बाहेरून जोडलेल्या रूलच्या संचांचं) लटांबर फेकून द्या, टाइपस्क्रिप्टचे (ज्या जावास्क्रिप्टमध्ये किमतीचा प्रकार, म्हणजे टाइपही लिहितात तिचे) रूलसुद्धा आता आतच आहेत. पाच मिनिटांचं काम. अजून ईएसलिंटवर असाल तर तुम्ही आळशी आहात.

आळशी आहे, मान्य. पण हा बदल मी स्वतः केलाय, वेबपानं बांधणाऱ्या रिअ‍ॅक्ट आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या एका बऱ्यापैकी जुन्या प्रोजेक्टात. बायोम मला आवडतो, रोज वापरतो. तरीही त्या मजकुरातलं एकेक वाक्य घेऊन बसायचं ठरवलं, कारण तो वाचून आमच्याच एका सहकाऱ्याने मॅनेजरला ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होऊन जाईल’ असं सांगून टाकलं होतं.

पस्तीसपटीपासून सुरू करू. हा आकडा खोटा नाही, बायोमच्या स्वतःच्या मुखपृष्ठावर आहे. पण तिथे तो पूर्ण लिहिलाय: १,७१,१२७ ओळी, २,१०४ फाइल्स, इंटेल कोअर आय७ १२७०पी प्रोसेसर, आणि तुलना प्रिटिअर या फॉरमॅटरशी. म्हणजे हा फॉरमॅटरचा (कोडची मांडणी नीटनेटकी करणाऱ्या भागाचा) वेग झाला. फिरत्या मजकुरात तो उचलून लिंटरला चिकटवलाय. बटाट्याच्या पोत्यावर कांद्याच्या भावाची पाटी. बायोमचा लिंटरही झपाट्याने चालतो यात वाद नाही. रस्ट या वेगवान भाषेत लिहिलेला आहे, सगळे कोअर कामाला लावतो, फाइल एकदाच पार्स करतो. फरक डोळ्यांना दिसतो.

मात्र आपलं ईएसलिंट मुळात रेंगाळतंय कशाने, हे आधी बघायला हवं होतं. त्यासाठी सोय आहे: टायमिंग नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून द्यायची सेटिंग) १ करून ईएसलिंट चालवलं, की शेवटी कोणत्या रूलने किती मिलिसेकंद खाल्ले त्याचा तक्ता येतो. आमच्या तक्त्यात वर तीन मंडळी बसली होती. एक, इम्पोर्ट प्लगइनचा नो-सायकल, जो अख्ख्या प्रोजेक्टातली इम्पोर्टची (एका फाइलने दुसरी मागवण्याची) साखळी हुडकत फिरतो. दोन, टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचे टाइप बघणारे रूल. त्यांना आधी टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरकडून सगळा प्रोजेक्ट समजून घ्यावा लागतो. आणि तिसरं म्हणजे प्रिटिअर, जे कुणीतरी कधीकाळी ईएसलिंटच्या आतच रूल म्हणून बसवलं होतं. ते बाहेर काढून वेगळं चालवलं, एका ओळीचा बदल, आणि सीआयमधला (दर बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासणीतला) बराच वेळ तिथेच वाचला. बायोम यायच्या आधीच. शिवाय टाइपचं एवढं जड काम जो करत नाही, त्याला ‘बघा किती पळतो’ म्हणणं म्हणजे रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो यांची शर्यत लावणं.

आता ती एक कमांड. ती खरंच आहे. एप्रिल २०२४ च्या १.७ आवृत्तीत ‘बायोम मायग्रेट ईएसलिंट’ आली आणि ती चांगली चालते. तुमचं कॉन्फिग (सेटिंगची फाइल) वाचते, त्याने ज्यांच्यावरून एक्स्टेंड केलंय ती कॉन्फिगही उलगडते, हायफनवाल्या नावांची कॅमलकेस (हायफनऐवजी मधलं अक्षर मोठं केलेली) नावं करते आणि बायोमच्या गटांत नीट लावून देते. पण तिच्या कागदपत्रांत जे साध्या शब्दांत लिहिलंय ते फॉरवर्ड करणारे वाचत नाहीत. याम्ल या फॉरमॅटमधलं कॉन्फिग ती वाचत नाही. ज्या रूलला बायोममध्ये जोडीदार नाही तो येत नाही. आणि जो बायोमने नुसती कल्पना घेऊन आपल्या पद्धतीने लिहिलाय, तो वेगळा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) दिल्याशिवाय येत नाही, कारण तो वेगळं वागू शकतो हे त्यांनाच माहीत आहे.

आम्ही कमांड मारली, बायोम चालवला, एररी जेमतेम. टीममध्ये आनंदीआनंद. मला तेव्हाच पाल चुकचुकली. आदल्या दिवशी याच रिपोवर (प्रोजेक्टच्या कोडवर) ईएसलिंट शेकड्याने वॉर्निंग ओकत होतं. रातोरात कोड कसा सुधारेल? सुधारला नव्हता. विचारणारंच कुणी राहिलं नव्हतं.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. ईएसलिंटला प्रिंट-कॉन्फिग हा पर्याय आहे. एखादी फाइल दिली, की त्या फाइलवर प्रत्यक्षात लागू असलेले सगळे रूल तो उलगडून दाखवतो. ती यादी काढली. आम्हाला ज्यांची खरोखर गरज आहे ते रूल निवडले, आणि ‘चुका’ नावाचा फोल्डर केला: एका फाइलमध्ये एकच चूक, मुद्दाम केलेली, वर कॉमेंटमध्ये रूलचं नाव. दोन्ही लिंटर त्यावर सोडले. कोण काय पकडतं ते समोर आलं. एक अख्खी दुपार गेली, पण त्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची दुपार तीच.

‘रूल तेच, फक्त नाव वेगळं’ या वाक्याचा निकालही त्याच फोल्डरने लावला. त्यातलं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते आम्हाला महागात पडलं.

आमच्या लेआउट कंपोनंटमध्ये तीन ओळींचा एक युजइफेक्ट (ठरलेलं काही बदललं की आतला कोड पुन्हा चालवणारं फंक्शन) होता. आत फक्त विंडो-स्क्रोलटू, शून्य-शून्य. डिपेंडन्सीच्या, म्हणजे जे बदललं की तो पुन्हा चालतो त्यांच्या, यादीत पाथनेम (पानाचा पत्ता). अर्थ सरळ आहे: पान बदललं की वर जा. पाथनेम आतल्या कोडमध्ये कुठेही वापरलेला नाही, तो फक्त ‘हे बदललं की पुन्हा चाल’ एवढंच सांगायला आहे. रिअ‍ॅक्टच्या हुक्सचा (युजइफेक्टसारख्या फंक्शनांचा) जो ईएसलिंट प्लगइन आहे तो याला काही म्हणत नाही. त्याच्या सोर्समध्ये तशी कॉमेंटसुद्धा आहे, की इफेक्टला अशा जास्तीच्या डिपेंडन्सी चालतात, उदाहरणार्थ आयडी बदलल्यावर स्क्रोल पूर्ववत करायला. म्हणजे लिहिणाऱ्याने हीच वेळ डोळ्यांपुढे ठेवली होती.

बायोमचा याच कामाचा रूल, युज-एक्झॉस्टिव्ह-डिपेंडन्सीज, मात्र तक्रार करतो: गरजेपेक्षा जास्त डिपेंडन्सी आहे, काढा. वर काढून देण्याची तयारीही दाखवतो. ही दुरुस्ती ‘अनसेफ’ गटात आहे, आपणहून होत नाही, त्यामुळे बायोमला दोष देता येत नाही. पण पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांतच संपवायचं असल्याने आमच्याकडे एकाने अनसेफचा फ्लॅग लावून सगळं एकदम ‘क्लीन’ केलं. पाथनेम गेला, यादी रिकामी झाली, इफेक्ट अ‍ॅप उघडताना एकदाच चालायला लागला. टेस्ट हिरव्या. दोनशे फाइल्सच्या पुल रिक्वेस्टमधली (तपासायला पाठवलेल्या बदलांमधली) ती एक ओळ कुणाच्या नजरेत भरणार? पुढे टेस्टिंग करणाऱ्या बाईंनी विचारलं, की यादीत खाली जाऊन वस्तूवर क्लिक केलं तर वस्तूचं पान मध्येच का उघडतं, फोटो का दिसत नाही. तेव्हा शोधाशोध.

उपाय छोटा आहे, जास्तीच्या डिपेंडन्सीची तक्रार बंद करणारा पर्याय रूलमध्ये आहे. आणि खरं तर इतर काही ठिकाणी बायोमने दाखवलेल्या डिपेंडन्सी कचराच होत्या, काढल्या ते बरं झालं. पण ‘रूल तेच’? नाही.

टाइपच्या रूलचं काय? जून २०२५ च्या बायोम २.० ने इथे मोठी उडी मारली हे खरंच. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर न घेता स्वतःच टाइपचा अंदाज बांधायचा, हे काम सोपं नाही. पण त्याच घोषणेत बायोमच्या टीमने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा रूल, त्यांच्या सुरुवातीच्या चाचण्यांनुसार, टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट जेवढ्या केसेस पकडतं त्यातल्या सुमारे ७५ टक्के पकडतो. रुपयातले बारा आणे. शिवाय तो तेव्हा ‘नर्सरी’ गटात होता, म्हणजे आपण नाव घेऊन चालू केल्याशिवाय बंदच.

बारा आणे पुष्कळ आहेत, पण हा रूल कसला आहे ते बघा. ऑर्डर सेव्ह करणाऱ्या असिंक (उत्तर नंतर देणाऱ्या) फंक्शनपुढे अवेट (‘उत्तर येईपर्यंत थांब’ सांगणारा शब्द) लिहायचा राहिला. ग्राहकाला ‘ऑर्डर मिळाली’ असं उत्तर गेलं, आणि डेटाबेसने नंतर नकार दिला. तो नकार ऐकायला कुणी नाही. नोडच्या १५ व्या आवृत्तीपासून अशा न हाताळलेल्या नकाराने अख्खी प्रोसेस खाली बसते. अशा रूलमध्ये उरलेले चार आणे नेमके कोणत्या फाइलमध्ये आहेत हे ठाऊक नसताना मी जुना पहारेकरी घरी पाठवणार नाही.

प्लगइन फेकण्याबद्दल थोडक्यात. लोकप्रिय प्लगइनमधले बरेच रूल बायोमने आत घेतलेत, तेवढी पॅकेजं खरंच कमी होतात. प्रश्न घरच्या रूलचा. आमच्याकडे एक आहे: रक्कम रुपयांऐवजी पैशांत ठेवायची आणि दाखवताना एकाच ठरलेल्या फंक्शनमधून न्यायची, कुणी थेट टूफिक्स्ड (दशांश ठरावीक ठेवणारं फंक्शन) लावलं की लाल. हा रूल जावास्क्रिप्टमध्ये होता आणि चूक सुधारूनही द्यायचा. बायोम २.० मध्ये प्लगइन ग्रिटक्यूएल या कोड शोधायच्या भाषेत लिहायचे, आणि ते चूक दाखवू शकत, दुरुस्त करू शकत नसत. लिहिला. जुन्यापेक्षा निम्म्या ओळींत झाला, छानच वाटलं. दुरुस्ती मात्र गेली.

आणि ‘ईएसलिंट संपलं’. हे वाक्य कुठून आलं ते समजू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये ९ वी आवृत्ती आली, फ्लॅट कॉन्फिग (सेटिंगची नवी पद्धत) हेच डीफॉल्ट झालं, जुन्या प्लगइनची पंचाईत झाली; त्याच ऑक्टोबरात ८ व्या आवृत्तीचा सांभाळही थांबला. लोक वैतागले, मीही. पण वैताग म्हणजे मरण नव्हे. ऑगस्ट २०२५ च्या ९.३४ मध्ये ईएसलिंट अनेक थ्रेडवर (काम वाटून एकाच वेळी) चालवता यायला लागलं. खरोखर संपलेला लिंटर कसा असतो हे पाहायचं असेल तर टाइपस्क्रिप्टचा जुना लिंटर टीएसलिंट बघा: २०१९ मध्ये त्याच्या कर्त्यांनीच थांबत असल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांना ईएसलिंटचा रस्ता दाखवला. तेव्हा स्थलांतराला पर्याय नव्हता. उलट बायोमचा पूर्वज रोम. सगळी साधनं एका छत्राखाली आणायची म्हणून कंपनी निघाली, २०२३ मध्ये ती बंद पडली, आणि काम करणाऱ्यांनीच ते बायोम नावाने पुढे नेलं. तेव्हा कुणाच्या मरणाची बातमी द्यायची घाई बायोमवाल्यांनी तरी करू नये.

राहिली ती पाच मिनिटं. बायोमचा फॉरमॅटर मुळात टॅबने इंडेंट करतो, प्रिटिअर दोन स्पेसने. प्रिटिअरचं कॉन्फिग आणायची वेगळी मायग्रेट कमांड आहे, ती आधी चालवायला विसरलात तर रिपोतली जवळजवळ प्रत्येक ओळ बदलते आणि गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) उघडलं की सगळीकडे तुमचंच नाव. फॉरमॅटिंगचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळा ठेवा आणि त्याचा हॅश (ओळखक्रमांक) ब्लेममधून वगळायच्या फाइलमध्ये टाका; गिट २.२३ पासून ही सोय आहे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘ईएसलिंट-डिसेबल’ (‘इथे तपासू नको’ सांगणाऱ्या) कॉमेंटींनी खाल्ला. बायोम त्या वाचत नाही. ऑक्सलिंट हा तिसरा लिंटर वाचतो, म्हणून काहींना तो रस्ता सोपा जातो. आमच्याकडे दीडशेच्या आसपास होत्या, आणि बायोमची इग्नोर-कॉमेंट कारण लिहिल्याशिवाय चालत नाही. हा नियम मला फार आवडला, पण कारण लिहायचं म्हणजे आधी ते माहीत हवं. कुणी, कधी, कशासाठी गप्प केलं होतं? निम्म्याहून जास्त ठिकाणी आता गरजच नव्हती, काढून टाकल्या. काही ठिकाणी खाली खरे बग निघाले.

सध्या आमच्याकडे बहुतेक सगळं बायोम बघतो, आणि ईएसलिंट फक्त टाइपचे मोजके रूल घेऊन सीआयमध्ये मागून चालतं. ‘चुका’ फोल्डर दर अपग्रेडला दोघांवर सोडतो. जुन्या कॉमेंटींपैकी एक मात्र अजून आहे तशीच आहे. पेमेंटच्या फाइलमध्ये, पहिल्याच ओळीवर, अख्ख्या फाइलसाठी, पुढे कारण म्हणून फक्त ‘नको’. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय, आणि ती काढून बघायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.