दोन गाण्यांच्या मधले चार सेकंद

"ह्यात स्पीकरचा काय संबंध गा?" पुणेकर उसळलाच. "पाणी वर पडलेल्या पावसानं आलं. माझ्या स्पीकरनं नाही."

मंगळवारची संध्याकाळ, बेळगावातला आरपीडी कॉर्नरचा आमचा नेहमीचा कट्टा. धबधब्याच्या घळीत इथून पुढं स्पीकर लावायचा नाही, असा विषय निघाला होता. पुणेकर मूळचा इथल्याच अनगोळचा. नोकरी पुण्यात म्हणून हे नाव पडलं. चार महिन्यांतून एकदा येतो आणि आला की कुठंतरी जायचंच, हा त्याचा हट्ट. ह्या खेपेला रविवारी आम्ही पाच जण गोकाकजवळच्या गोडचिनमलकी धबधब्याला गेलो होतो. मार्कंडेय नदी तिथं दोन टप्प्यांत कोसळते, आधी साधारण 25 मीटर, मग खडकाळ घळ ओलांडून आणखी 20 मीटर. दसरा होऊन गेलेला, परतीच्या पावसाचे दिवस. डोक्यावर लख्ख ऊन होतं. पश्चिमेला बेळगावच्या बाजूला मात्र ढग काळे होत चालले होते आणि ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

"पाहिलं होतं ना? मग?" मास्तर म्हणाला. तो हायस्कूलला भूगोल शिकवतो. "मार्कंडेय उगवते कुठं? खानापूर तालुक्यात बैलूरला. राकसकोप धरणाचं पाणी तू लहानपणापासून नळाला पितोस, ते तिचंच. तिथनं काकतीकडनं फिरत फिरत ती खाली जाते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. तू बसलास त्या घळीत आभाळ कसं हाय ते बघून काय उपयोग? वरच्या अंगाला काय पडायलंय ते बघायचं."

"मोबाइलवर गोकाकला पाऊस दाखवत नव्हता."

"गोकाकला नव्हताच की!"

इथं मास्तरनं अमेरिकेतली गोष्ट काढली. ॲरिझोना राज्यात अँटेलोप कॅन्यन म्हणून वालुकाश्माची अरुंद घळ आहे, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढीच. 12 ऑगस्ट 1997 ला वादळ झालं ते कित्येक मैल वर. घळीपाशी पाऊस नावालाच होता. तरी पाण्याचा लोंढा आला आणि 11 पर्यटक गेले. आपल्याकडचा दगडही त्याच जातीचा, तो म्हणाला. गोकाक धबधबा 52 मीटर उभा कोसळतो तो वालुकाश्माच्याच कड्यावरनं. असल्या उघड्या कातळावर जोराचा पाऊस पडला की बरंचसं पाणी न मुरता वाहून जातं. वरची जमीन भिजून तुडुंब झाली की पडलेला थेंब न् थेंब घळीत उतरतो. परतीच्या पावसात जमीन आधीच भिजलेली असते. ऑगस्ट 2019 ला गोकाक शहरात पाणी शिरलं तेही गोकाकच्या पावसानं नव्हे. आंबोलीची हिरण्यकेशी शेवटी घटप्रभेतच येते. घाटात आठवडाभर कोसळला की इकडं नदीकाठच्यांची झोप उडते.

पुणेकर गप्प झाला, पण पटलं म्हणून नाही.

"हे सगळं मान्य," तो जरा वेळानं म्हणाला. "पण मी येतो ते तुमच्यासाठी. चार महिने एकटा खोलीवर काढतो. कॉलेजात आपण जी गाणी लावून गाडी हाकायचो ती तिथं त्या कातळावर लागली की मला वाटतं, आलो घरी. ते बंद करून नुसतं पाणी बघत बसायचं असेल तर मी कशाला येऊ?"

ह्यावर कुणी लगेच बोललं नाही. खरंच आहे ते. पाच जणांची पाच वाटांना पांगापांग झाल्यावर एकत्र आणणाऱ्या गोष्टी उरतात किती? गाणं ही त्यातली एक. रविवारी पहिलं गाणं लागलं तेव्हा मीही मोठ्यानं म्हणत होतो, आणि त्या अर्ध्या तासात मी फार आनंदात होतो. ते नाकारलं तर खोटं बोलल्यासारखं होईल.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे.

पलीकडच्या कड्यावर एक धनगर मेंढरं घेऊन उभा होता. घोंगडं काढून तो हवेत फिरवत होता. आम्हाला वाटलं, गाण्याला दाद देतोय, म्हणून ड्रायव्हरनंही (आमच्यातला तो टेम्पो चालवतो) उलट हात हलवला. खडकातनं बारीक धडधड येत होती. मी तळहात टेकवून पाहिला, कळत होती. स्पीकर त्याच खडकावर होता, त्यामुळे ती गाण्याच्या बेसची, असं मी धरून चाललो. मग गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायला चार सेकंद लागले असतील, जास्त नाही. धडधड थांबली नाही.

पहिला उठला तबलजी. "हे तालात नाही," एवढंच बोलला आणि हात लांब करून स्पीकर बंद केला. मग धनगराचा आवाज आला. बेंबीच्या देठापासून ओरडत होता तो: "नीर बंतु! म्याल बर्री!" पाणी आलं, वर या! आमच्यातल्या प्रत्येकाला कळतं एवढं कानडी. तो किती वेळ ओरडत होता कुणास ठाऊक. पाणी तोवर गढूळ झालं होतं, त्यावर पाला, काटक्या, फेस. आम्ही चपला हातात घेऊन चढलो. वर पोचून वळून पाहिलं तर आमचा सपाट खडक दिसत नव्हता, त्याच्यावरनं तांबडं पाणी चाललं होतं. ती धडधड तळातले धोंडे एकमेकांवर गडगडत येण्याची होती.

"मी गाणाऱ्या घरातला," तबलजी कट्ट्यावर म्हणाला. "गाणं बंद करा म्हणताना मला बरं वाटतंय असं समजू नको. पण जाताना सुळेभावीच्या बाजूनं गेलो की नाही आपण? कुमार गंधर्व जन्मले ते गाव, 1924 साली. मियाँ मल्हार हा पावसाचा राग. त्यात कोमल आणि शुद्ध असे दोन निषाद, म्हणजे दोन 'नी', एकापाठोपाठ येतात, गंधार, म्हणजे 'ग', आंदोलन घेत हलतो. त्यात ढग ऐकू येतो मला. हे ज्यांना सुचलं ते पावसात गप्प बसले असणार रे. आधी ऐकलं असणार."

"मला मल्हार कळत नाही," पुणेकर म्हणाला.

"नको कळू दे. गडगडाट कळतो की नाही?"

मास्तरला पुन्हा धागा मिळाला. वीज चमकली की मोजायला लागायचं. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, मग उघड्या कातळावर थांबायचं नाही, झाडाखालीही नाही, सरळ गाडीत जाऊन बसायचं. आणि ह्याला कान मोकळे लागतात.

माझं मत मी तिथंच सांगितलं. स्पीकर वाईट, गाणी वाईट, असं माझं म्हणणं नाही. लोकांना त्रास होतो हा मुद्दाही मला दुय्यम वाटतो. घळीत नजर पुढच्या वळणापर्यंतच पोचते. वळणापलीकडचं फक्त कानाला कळतं. तिथं कान झाकून बसणं म्हणजे रस्त्यात डोळे मिटून चालणं. मग घळ वज्रपोहा धबधब्याची असो नाहीतर गोकाकची. त्या माणसानं आमच्यासाठी घसा फोडला आणि आम्ही त्याला हात हलवून दाखवला. दोन दिवस झाले, मला ते सुटत नाही. नदी ओलांडता येत नव्हती, त्यामुळे त्याला भेटताही आलं नाही.

पुणेकर बराच वेळ रिकामा कप फिरवत राहिला. "तो आवाज बेसचा नाही, हे मला चढून वर येईपर्यंत कळलं नव्हतं," तो म्हणाला. मग लगेच, "पण पुढच्या खेपेला स्पीकर मी आणणार. सांगून ठेवतो."

"आण की," ड्रायव्हर म्हणाला. "जाताना दीड तास, येताना दीड तास. गाडीत लाव. घळीत उतरताना किल्ली माझ्याकडं आणि स्पीकर डिकीत."

"आणि खाली?"

"खाली तबलजी म्हणेल काहीतरी. बिनमाइकचं."

"एकच," तबलजी म्हणाला. "आणि मधी मधी थांबून."

पुढचं ठिकाण अजून ठरलेलं नाही. मास्तर म्हणतो डिसेंबर. पुणेकराला तेवढी रजा नाही. जमलं तर परत गोडचिनमलकीलाच जाऊ, पण पलीकडच्या अंगानं, मेंढरं चरतात तिकडनं. जाताना गोकाकचं करदंट, म्हणजे तिथली प्रसिद्ध मिठाई, घ्यायचं, एक किलो, हे मात्र नक्की झालं.