गांजा ‘झाडपाला’ आहे म्हणून सवय लागत नाही? हे खोटं आहे

शिरपूर-चोपडा भागातल्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज फिरतोय: ‘गांजा नैसर्गिक आहे, त्याची सवय लागत नाही. सोडल्यावर त्रास झाला तर समजा, शरीराला त्याची गरज आहे.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि दुसरं जास्त घातक.

तंबाखूही पानच आहे, अफूही झाडाचीच. गांजातला टीएचसी हा नशा आणणारा घटक मेंदूतल्या पेशींवरच्या ठरावीक जागांना (रिसेप्टर) चिकटतो. रोज ओढत राहिलं की ते रिसेप्टर कमी होतात, तेवढ्याच नशेला जास्त माल लागतो. अचानक बंद केलं की मेंदूला स्वतःला सावरायला वेळ लागतो. त्रास होतो तो यामुळे, गरजेमुळे नाही.

माझ्या मामेभावाने सोडला तेव्हाचे दिवस आठवतात. ताटातली कळण्याची भाकर तशीच, पहाटे घामाने ओलं बनियन, आणि मामीला एकच उत्तर, ‘माले रातभर झोप नही.’ चिडचिड तर विचारू नका. घरच्यांना वाटलं, याला काहीतरी मोठं झालं. ही ओळखीची लक्षणं आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात वाढतात, साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. झोप आणि विचित्र स्वप्नं मात्र जास्त दिवस छळतात. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत याची स्वतंत्र नोंद आहे.

झोपेसाठी दारू किंवा मेडिकलवरून आणलेली गोळी देऊ नका. भास होत असतील, जीव द्यायची भाषा असेल तर थांबू नका, थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. दोन्ही मोफत आहेत.